राडारोड्यावरची बाग : सोसायटीच्या साडेचार गुंठ्यांचा बावीस महिन्यांचा अनुभव

पुण्यातील आमच्या ७२ सदनिकांच्या सोसायटीत बाग करण्याचे काम सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाले आणि जुलै २०२४ मध्ये कागदोपत्री पूर्ण झाले. या काळात मी व्यवस्थापक समितीची सदस्य होते आणि बागेची जबाबदारी माझ्याकडे होती. आरंभी मला या विषयातले काहीही ठाऊक नव्हते, कोणाला विचारावे हेही कळत नव्हते. असेच काम हाती घेणाऱ्यांना थोडा आधार मिळावा म्हणून सर्व टप्पे, तारखा आणि खर्चासह लिहीत आहे.

आमची जागा म्हणजे ‘सी’ इमारतीच्या उत्तरेला असलेली, ३५ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशी पट्टी. महाराष्ट्रातील विकास नियंत्रण नियमांनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. ती ही जागा. इमारती उभ्या राहिल्यापासून तेथे गाजर गवत, दोन-तीन मोडके बाक, एक करंज, एक वाकलेला गुलमोहोर आणि कुंपणाकडेची काही झाडे एवढेच होते. १८ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी बागेचा विषय मांडला. त्या वेळी माझ्याकडे आराखडा नव्हता आणि अंदाजपत्रकही नव्हते. त्यामुळे ‘समितीने अभ्यास करून प्रस्ताव आणावा’ असा ठराव झाला. मला तेव्हा थोडे वाईट वाटले, पण पुढे लक्षात आले की त्या ठरावामुळे मिळालेले पाच महिनेच सर्वांत मोलाचे ठरले.

पहिले काम म्हणून मी सोसायटीच्या कपाटातून मंजूर नकाशाची प्रत बाहेर काढली. ही गोष्ट प्रत्येकाने सर्वांत आधी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. अग्निशमन दलाची गाडी फिरण्यासाठी मोकळी ठेवायची वाट, सांडपाण्याची वाहिनी, तिचे चेंबर आणि जमिनीखालची पाण्याची टाकी हे सारे त्या नकाशात असते. आमची सांडपाण्याची वाहिनी पट्टीच्या दक्षिण कडेने जाते हे त्यातून समजले आणि त्या बाजूला मोठ्या मुळांचे एकही झाड लावायचे नाही हे तेव्हाच ठरले.

त्यानंतर आम्ही उन्हाचा अभ्यास केला. एका परिचित उद्यान रचनाकार बाईंकडून मी दोन तासांचा सल्ला घेतला होता. जागा पाहून त्यांनी झाडांची नावे सांगितलीच नाहीत, त्या म्हणाल्या, “आधी सावली मोजा. डिसेंबर गेल्याशिवाय काही विकत घेऊ नका.” म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी, सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन वाजता, आम्ही खेळाच्या मैदानावर आखतात तशी पांढऱ्या फक्कीने सावलीची कड आखत गेलो. ‘सी’ इमारत २१ मीटर उंच आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, त्यामुळे २१ मीटरच्या इमारतीची सावली उत्तरेला जवळजवळ १९ मीटरपर्यंत पोहोचते. इमारत आणि पट्टी यांच्यात सहा मीटरचा रस्ता, त्यापुढे तेरा मीटरची पट्टी. म्हणजे सावली थेट पलीकडच्या कुंपणाला टेकत होती. इमारत २२ मीटर लांब असल्याने पट्टीचा तेवढा भाग हिवाळ्यात भर दुपारीही उन्हाला मुकत होता आणि पूर्वेकडच्या तेरा मीटरांनाच पुरेसे ऊन होते.

उन्हाळ्यात मात्र चित्र पूर्ण उलटते. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, म्हणजे इमारतीची सावली तेव्हा पट्टीवर पडतच नाही. जी जागा डिसेंबरात गारठलेली असते तीच मे महिन्यात भाजून निघते. माझ्या मनात गुलाब आणि शेवंतीचे वाफे होते. ती दोन्ही नावे मी त्याच आठवड्यात वहीतून काढून टाकली. हिवाळ्यातली सावली आणि उन्हाळ्यातला ताप दोन्ही सोसणारी झाडे कोणती, हा खरा प्रश्न होता आणि फक्कीच्या त्या रेघांवाचून तो मला कधीच पडला नसता.

जानेवारी २०२३ मध्ये झाडांच्या परवानगीचे काम सुरू केले. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांना १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे संरक्षण आहे. झाड आपल्या आवारातले असले तरी वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. मी ९ जानेवारीला अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यात समितीच्या ठरावाची प्रत नव्हती, झाडांच्या बुंध्याचे घेर लिहिलेले नव्हते आणि जागेचा साधा नकाशाही जोडलेला नव्हता. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी काय काय लागेल ते कागदावर लिहून दिले. ठराव, प्रत्येक झाडाचे दोन बाजूंनी छायाचित्र, जमिनीपासून छातीच्या उंचीवर मोजलेला घेर, हाताने काढलेला स्थळनकाशा आणि मालमत्ता कराच्या पावतीची प्रत जोडून २३ जानेवारीला मी पुन्हा अर्ज दिला. या कागदांचे तीन संच करून एका संचावर पोच घेऊन ठेवावी. पुढच्या प्रत्येक भेटीत तोच संच कामी आला.

८ फेब्रुवारीला पाहणी झाली. गुलमोहोराचा बुंधा आतून पोकळ झाला होता आणि तो मुलांच्या वाटेवर झुकला होता, म्हणून तो काढणे योग्यच होते. परंतु सावली कमी व्हावी म्हणून मी करंजही काढण्याची विनंती केली होती. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी करंजाखाली उभे राहून वर पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, मे महिन्यात तुमच्या आजी-आजोबांना बसायला हीच एक जागा राहणार आहे. एक फांदी उतरवा, झाड राहू द्या.” आज त्या करंजाखाली दोन बाक आहेत आणि उन्हाळ्याच्या दुपारी ते कधी रिकामे नसतात. झाडावर नोटीस लागली, हरकतींसाठी सात दिवस गेले आणि २० मार्चला एका झाडाच्या तोडीची व एका झाडाच्या छाटणीची परवानगी मिळाली. त्यासोबत बदली झाडे लावण्याची अट होती आणि तिच्या पूर्ततेसाठी अनामत रक्कम भरावी लागली. अनामतीची पावती मूळ स्वरूपात जपून ठेवावी, कारण रक्कम परत घेताना तीच द्यावी लागते.

दरम्यान मातीचा प्रश्न समोर आला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही चार ठिकाणी दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे घेतले. वरची चार बोटे काळसर माती, तिच्यात गवताच्या मुळ्या. त्याखाली अर्ध्या विटा, निळ्या फुलांच्या नक्षीच्या फरशीचे तुकडे, तारा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि तळाशी मुरूम. एका खड्ड्यात सिमेंटचे अख्खे पोते पावसाने दगडासारखे घट्ट झालेले निघाले. पोत्याचे कापड कधीच कुजून गेले होते, पण त्याच्या विणीची उभी-आडवी रेघ त्या दगडावर स्पष्ट उमटलेली होती. इतकी वर्षे तेथे गाजर गवताखेरीज काही का तगले नाही याचे उत्तर माझ्या हातात होते. आम्ही खड्ड्यांत पाणी भरून पाहिले. तीन खड्डे दुसऱ्या दिवशी रिकामे झाले, पण पश्चिमेकडच्या खड्ड्यात तिसऱ्या दिवशीही पाणी तसेच होते.

मातीचे दोन नमुने सरकारी मृद चाचणी प्रयोगशाळेत दिले. नमुना घेण्याची पद्धत सोपी आहे : वरचा पाला बाजूला करून पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून सावलीत वाळवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. दोन्ही नमुन्यांचे मिळून ६०० रुपये लागले आणि अहवाल सतरा दिवसांनी मिळाला. सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्ल-अल्कता) ८.४, सेंद्रिय कर्ब ०.३ टक्के, चुन्याचे प्रमाण जास्त. गाडलेल्या सिमेंट-चुन्याचा तो परिणाम होता. अशा मातीत अनंत आणि एक्झोरा यांना लोह मिळत नाही आणि त्यांची पाने पिवळी पडतात, म्हणून तीही नावे यादीतून गेली.

२६ फेब्रुवारीच्या विशेष सर्वसाधारण सभेत मी सावलीचा नकाशा, मातीचा अहवाल आणि तीन निविदांवर आधारलेले २,२५,००० रुपयांचे अंदाजपत्रक ठेवले. प्रत्येक सदनिकेला ३,१२५ रुपये येत होते. सर्वाधिक चर्चा हिरवळीवर झाली, कारण अनेकांना सबंध पट्टीभर हिरवळ हवी होती. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी लागते. दोनशे चौरस मीटरला हजार लिटर. एप्रिल-मेमध्ये आम्ही स्वतःच टँकर मागवतो, तेव्हा हे पाणी कोठून आणणार, असे मी विचारले. अखेरीस पूर्वेच्या उन्हाच्या भागात केवळ ६०० चौरस फुटांत हरळी लावायचे ठरले. तळमजल्यावरच्या आजोबांनी त्यातून गणपतीच्या दूर्वा मिळतील असे सांगितल्यावर त्या मुद्द्यावर एकमत झाले.

१७ एप्रिलला खोदकाम सुरू झाले. जेसीबी आणता आला नाही, कारण आत येण्याची एकमेव वाट पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवरून जाते आणि तो भार स्लॅबने पेलला नसता. चार मजुरांनी अकरा दिवस पहार, टिकाव आणि घमेल्याने काम केले. मजुरी ३५,२०० रुपये झाली. एकूण १,४०० चौरस फुटांचे वाफे आम्ही दीड फूट खोल उकरले, म्हणजे सुमारे २१ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) ऐवज बाहेर आला. रेती चाळायची उभी जाळी लावून त्यातला ९ ब्रास मातीसदृश भाग वेगळा केला आणि उरलेला १२ ब्रास राडारोडा नऊ फेऱ्यांत प्रक्रिया केंद्रावर पाठवला. टेम्पोचे २२,५०० रुपये झाले. प्रत्येक फेरीची केंद्रावरची पावती मागून घ्यावी, नाहीतर तोच राडारोडा नदीकाठी किंवा एखाद्या ओढ्यात टाकला जाण्याची भीती असते. पश्चिमेला पाणी साचत होते तेथे मोठ्या विटांचे तुकडे भरून एक चर काढला आणि तो सोसायटीच्या पर्जन्यजल पुनर्भरण खड्ड्याला जोडला. बागेत राडारोड्याचा एवढाच उपयोग झाला.

चाळलेली ९ ब्रास माती, विकतची ८ ब्रास लाल माती (३३,६०० रुपये), ४ ब्रास कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड हे सगळे थरांनी भरून, पाणी देऊन, वर वाळलेला पालापाचोळा पसरून मे महिनाभर तसेच ठेवले. शेणखत घेताना मूठभर हातात घेऊन दाबावे. ते भुरभुरीत असावे, त्याला मातीसारखा वास यावा आणि हात घातल्यावर ते गरम लागू नये. लाल मातीच्या बाबतीत मात्र आमचा घोटाळा झाला. पुरवठादाराने आणून टाकलेली माती दिसायला स्वच्छ होती, पण तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी होत्या. हे जुलैमध्ये कळले. लव्हाळा वरून उपटला तर पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. खुरप्याने सैल करून अलगद ओढले तर एका बारीक दोऱ्यात ओवल्यासारख्या तीन-चार काळ्या गाठी एकामागोमाग बाहेर येतात, आणि त्यांतली एक जरी तुटून राहिली तरी पंधरा दिवसांत तेथे नवा तुरा उभा असतो. माती घेण्यापूर्वी ती जेथून उचलली जाते ती जागा पाहावी. निदान तिची एक कुंडी भरून तीन आठवडे पाणी घालून पाहावे. आम्ही हे केले असते तर शेकडो तास वाचले असते.

झाडे आणण्यासाठी आम्ही ८ जूनला उरुळी कांचनच्या रोपवाटिकांमध्ये गेलो. पूर्वेच्या उन्हासाठी बहावा, ताम्हण, लिंबू, कढीपत्ता आणि गवती चहा; हिवाळ्यात सावलीत राहणाऱ्या भागासाठी तगर, कुंती, अडुळसा, स्पायडर लिली आणि कर्दळ; कुंपणाच्या कोपऱ्यांत बकुळ, सीता अशोक आणि पारिजातक. ताम्हण हे राज्यपुष्प आपल्या आवारात असावे अशी इच्छा अनेकांनी सभेत व्यक्त केली होती. एकूण २१४ रोपांचे ४१,३०० रुपये झाले. रोप उंच दिसते म्हणून घेऊ नये. पिशवीच्या तळातून जाड मुळी बाहेर आली असेल किंवा मुळे गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिले आहे असे समजावे आणि त्याऐवजी लहान पण भरदार रोप निवडावे.

त्या वर्षी मोसमी पाऊस लांबला. नेहमी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणारा पाऊस पुण्या-मुंबईत २५ जूनच्या सुमारास पोहोचला. तोपर्यंत २१४ रोपे करंजाखाली दाटीवाटीने उभी होती आणि आम्ही सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी देत होतो. जमीन वीतभर ओली होईपर्यंत रोपे आणूच नयेत, हे मी त्या तीन आठवड्यांत शिकले. १ आणि २ जुलैला, शनिवार-रविवारी, सोसायटीतील चाळीसएक माणसांनी मिळून लागवड केली. शाळकरी मुलांनी प्रत्येक रोपाला क्रमांकाची पट्टी बांधली आणि त्या क्रमांकांची वही अजूनही माझ्याकडे आहे.

जुलै छान गेला. ठिबक सिंचनाचे काम आम्ही पावसाळ्यानंतर करायचे ठरवले होते, कारण सप्टेंबरपर्यंत पाऊस आहेच असे आम्ही गृहीत धरले होते. मग ऑगस्ट आला आणि पाऊस थांबला. २०२३ चा ऑगस्ट हा देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पूर्वेच्या वाफ्यात रोपांची पाने दुपारी लोंबू लागली, तेव्हा आम्ही पाळ्या लावून नळीने पाणी दिले, पण गणित चुकलेच. महिनाअखेरीस वहीत ३७ रोपांपुढे फुली होती आणि त्यांतली १९ कुंतीची होती. त्या दिवसांत मला फार अपराधी वाटले. लोकांनी पैसे दिले होते, मुलांनी पट्ट्या बांधल्या होत्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात २९,५०० रुपये खर्चून ठिबक बसवले आणि ६,८०० रुपयांची नवी रोपे लावली. ठिबकाच्या नळ्या लागवडीबरोबरच टाकाव्यात, पाऊस कितीही दिसत असला तरी.

वाटा, कडेच्या विटा, झाडतोड आणि छाटणी हे धरून एकूण खर्च २,३७,१०० रुपये झाला, म्हणजे मंजुरीपेक्षा १२,१०० जास्त. ही वाढ मी लपवली नाही. पावत्यांसह पुढच्या वार्षिक सभेपुढे ठेवली आणि सभेने ती देखभाल निधीतून मंजूर केली. माळीदादा आठवड्यातून दोनदा येतात, त्यांचे महिन्याला ४,५०० रुपये आहेत. त्यांच्या सल्ल्याने डिसेंबरात सावलीच्या भागातील ठिबकाची वेळ वीस मिनिटांवरून आठ मिनिटांवर आणली, कारण त्या भागातील माती दिवसभर ओलीच राहत होती आणि कर्दळीचे कोंब सडू लागले होते.

मार्च २०२४ मध्ये लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आल्या. काही जणांनी फवारणीची मागणी केली. त्या फुलपाखरांच्या अळ्या होत्या. लिंबू, कढीपत्ता अशा झाडांवर ती अंडी घालतात आणि आपले राज्य फुलपाखरू राणी पाकोळी हेही याच कुळातल्या झाडांवर वाढते. आम्ही लिंबाजवळ तशी पाटी लावली, फवारणी केली नाही आणि झाडाने एप्रिलमध्ये नवी पालवी धरली.

बदली झाडे एक वर्ष जगल्याची छायाचित्रे, अनामतीची मूळ पावती आणि परवानगीपत्राची प्रत जोडून ८ जुलै २०२४ रोजी मी शेवटचा अर्ज दिला. पुन्हा पाहणी झाली आणि २९ जुलैला अनामत सोसायटीच्या खात्यात जमा झाली. त्याच महिन्यात मातीची दुसरी चाचणी करून घेतली : सामू ७.९, सेंद्रिय कर्ब ०.९ टक्के. पालापाचोळा आता जाळीच्या दोन पिंजऱ्यांत साठतो आणि कुजल्यावर वाफ्यांत परत जातो. लव्हाळा अजून आहे. पूर्वेच्या वाफ्यात दर शनिवारी सकाळी साडेसात वाजता आम्ही चार-पाच जण खुरपी घेऊन बसतो, तळमजल्यावरचे आजोबा काढलेल्या गाठी मोजून डब्यात टाकतात, आणि गेल्या शनिवारी त्या एकशे बारा भरल्या.